कंत्राटदार जोतीराव

1882 च्या 19 ऑक्टोबरला हंटर शिक्षण आयोगासाठी पुण्यात एक इंग्रजी निवेदन तयार झाले. त्यावर नाव होते जोतीराव गोविंदराव फुले यांचे. नावासोबत त्यांनी स्वतःची ओळखही लिहिली होती : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. मुलींच्या पहिल्या शाळेला तेव्हा 34 वर्षे झाली होती. 'गुलामगिरी' छापून आणि सत्यशोधक समाज स्थापन होऊन नऊ वर्षे लोटली होती. शाळांचा अनुभव त्यांनी निवेदनात सांगितलाच. पण सरकारपुढे आपण कोण म्हणून उभे आहोत हे सांगताना त्यांनी व्यवसाय, शेती आणि नगरपालिकेतील जागा एवढ्याच तीन गोष्टी नोंदवल्या. त्या काळी म्युनिसिपल कमिशनर म्हणजे नगरपालिकेचा सदस्य. आजच्या आयुक्तपदाशी त्याचा संबंध नाही.

'महात्मा' ही पदवी त्यांना मुंबईकरांनी 11 मे 1888 रोजी दिली. पुढे ती पदवी इतकी मोठी झाली की, तिच्या मागे हा व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सदस्य जवळजवळ झाकला गेला. शाळेच्या पाठ्यपुस्तकात जोतीराव भेटतात ते मुलींच्या त्या पहिल्या शाळेच्या भिडे वाड्यात. पुतळ्यात भेटतात ते पागोटे घातलेले, उपरणे घेतलेले. खडकवासल्याच्या धरणावर दगडाचा हिशेब पाहणारे जोतीराव, किंवा नगरपालिकेच्या सभेत एकटेच विरोधी मत देणारे जोतीराव सहसा कुणी दाखवत नाही. पुढची पाने त्या जोतीरावांबद्दल आहेत.

एकोणिसाव्या शतकात व्यापारातून शहराच्या कारभारात आलेले लोक जगभर होते. अमेरिकेतल्या नव्या गावांत किराणा, लाकूड किंवा धान्याचा व्यापार करणारा माणूस गावाच्या परिषदेवर निवडून जाई, रस्ते आणि शाळा यांवर मत देई, आणि काही वेळा नगराध्यक्षही होई. इंग्लंडात बर्मिंगहॅमचा जोसेफ चेंबरलेन स्क्रूच्या कारखान्यातून पैसा मिळवून 1873 मध्ये महापौर झाला. शहराचा गॅस आणि पाणीपुरवठा त्याने खासगी कंपन्यांकडून काढून नगरपालिकेकडे आणला. 1876 मध्ये तो पार्लमेंटात गेला आणि त्याच वर्षी इकडे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. तुलना येथेच थांबवावी लागते. चेंबरलेनच्या मागे मतदार होते, पक्ष होता, कर्ज उभारण्याचा अधिकार होता. पुण्यातले सदस्य तेव्हा सरकारने नेमलेले असत, अध्यक्ष गोरा अधिकारी असे, आणि माळी समाजातल्या कंत्राटदाराचे मत तिथे बहुमत होण्याची शक्यता फारच कमी होती.

आपल्याकडे मुंबईत याच परंपरेत जगन्नाथ शंकरशेट होते. 1862 मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलवर नेमले गेले. शिक्षण आणि रेल्वे या दोन्हींच्या उभारणीत त्यांचा हात होता. पण नाना शंकरशेटांना संपत्ती घरातून मिळाली होती आणि तिच्यासोबत प्रतिष्ठाही. जोतीरावांचे तसे नव्हते.

गोऱ्हे हे त्यांचे मूळ आडनाव, गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पुण्यात आलेल्या या कुटुंबाने पेशव्यांच्या दरबाराला फुले पुरवली आणि फुले हे नाव त्यांना चिकटले. वडील गोविंदराव फुला-भाज्यांचा धंदा करत. म्हणजे बाजाराची ओळख जोतीरावांना लहानपणापासून होती : पहाटेचा माल, दिवस वर चढेल तसा घसरणारा भाव, उरलेल्या मालाचे काय करायचे ही चिंता. 1847 मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेतले शिक्षण संपले, 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, आणि 1849 मध्ये समाजाच्या दबावापुढे नमलेल्या वडिलांनी त्यांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढले. चरित्रकार या प्रसंगाकडे बहुधा धैर्याची कसोटी म्हणून पाहतात. ते खरेच आहे. पण त्या दिवसापासून दोघांच्या पोटाचा प्रश्नही उभा राहिला. बापाच्या दुकानाचा आधार सुटल्यावर उत्पन्न कुठून आणायचे?

आणखी एक अडचण लवकरच पुढे आली. शाळा देणग्यांवर चालत आणि देणगीदारांत युरोपियन बरेच होते. 1857 च्या उठावानंतर तो ओघ आटला. देणगी देणाऱ्याच्या मनावर जे काम अवलंबून असते ते त्याच्या मनासोबत थांबते, हे जोतीरावांनी तिशीतच अनुभवले. नंतरच्या आयुष्यात त्यांनी जी मोठी कामे केली त्यांत स्वतःच्या कमाईचा वाटा का राहिला, याचे उत्तर बहुधा येथे आहे. 1863 मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते स्वतःच्या घरात. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तिथे गुप्तपणे होत आणि मुलांचा सांभाळ होई. अशा कामाला त्या काळच्या पुण्यात वर्गणी मागत फिरणे अशक्य होते. तिथे घरातलाच पैसा लागणार होता.

तो पैसा आला धातूच्या ओतकामाच्या साहित्यातून आणि बांधकामाच्या कंत्राटांतून. 1863 च्या सुमारास जोतीरावांनी ओतकामाच्या मुशी आणि साचे विकण्याचा व्यापार सुरू केला. नाशिकच्या तांबट आळीजवळ वाढलेल्या वाचकाला या मालाचे महत्त्व सांगायला नको. वितळलेला धातू ज्यात ठेवायचा ती मूस चांगली नसली, तर कारागिराची दिवसभराची मेहनत आणि धातू दोन्ही वाया जातात. शहरांत कारखाने, छापखाने आणि दुरुस्तीची दुकाने वाढू लागली होती, तेव्हा या मालाला गिऱ्हाईक होते. त्या काळच्या शिकलेल्या पुणेकरांची नजर सरकारी नोकरीवर असताना या माणसाने असा धंदा निवडला, ही गोष्ट त्याच्याविषयी पुष्कळ सांगते.

बांधकामाला तर तेव्हा उधाण आले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 पासून तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि मुंबई इलाख्यात पैशाचा पूर आला. 1863 मध्ये बोर घाटातून आणि 1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. नाशिककरांना हा दुसरा घाट कसारा घाट म्हणून रोजचा ओळखीचा आहे. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पुणे-मुंबईत सरकारी इमारती, पूल, रस्ते यांची कामे निघाली. डलहौसीच्या काळात उभे राहिलेले सार्वजनिक बांधकाम खाते ही कामे कंत्राटाने देई. घाटांतल्या मोठ्या कामांची कंत्राटे इंग्रज कंपन्यांकडे गेली. दगड काढणे, चुना भाजणे आणि माती उचलणे ही कामे पोटकंत्राटांतून एतद्देशीयांकडे आली.

जोतीराव या धंद्यात उतरले आणि पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतून त्यांनी कामे घेतली. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण आणि कालवा या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. खडकवासल्याचे काम 1860 च्या दशकाच्या अखेरीस सुरू होऊन 1879 पर्यंत चालले. मुठेवरचे हे दगडी धरण त्या काळी देशातले मोठे काम होते आणि त्याच्या जलाशयाला कॅप्टन फाइफ या अभियंत्याचे नाव देण्यात आले होते. दगड-चुना पुरवणाऱ्याचे नाव कुठल्याही जलाशयाला देत नाहीत.

कंत्राटदाराचे काम कसे असते? तो खाणीतून दगड काढवतो, घडवून घेतो, बैलगाड्यांनी कामावर पोचवतो. चुन्याच्या भट्ट्या आणि घाण्या चालवतो. वडार, बेलदार, कामाठी यांच्या टोळ्या लावतो आणि आठवड्याला त्यांची मजुरी चुकवतो. त्याचे स्वतःचे पैसे मात्र मोजमाप होऊन, कारकुनाच्या हातून, इंजिनिअरच्या सहीने, बिल पास झाल्यावर मिळतात. मजुरी आज द्यायची आणि बिल केव्हा तरी मिळणार, या दोहोंमधल्या काळात कंत्राटदार खात्यातल्या प्रत्येक टेबलाच्या मर्जीवर असतो. हजेरीपटावर खोटी नावे कशी चढतात, मोजमाप कसे कमी-जास्त होते, मजुराच्या हातात पडताना रुपयाचे किती आणे उरतात, हे त्याला रोज दिसते. जोतीरावांनी हे पाहिले आणि लिहिले. इंजिनिअर खात्यातल्या कारभारावर त्यांनी पवाडाच रचला. सोळा भागांच्या 'गुलामगिरी'त पुराणांची चिकित्सा करता करता शेवटाकडे ते एकदम शाळाखाते, नगरपालिका आणि कचेऱ्या यांच्यावर येतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे विषयांतर वाटते. लेखक कंत्राटदार होता हे ध्यानात ठेवले की त्याची संगती लागते. मत्स्य आणि कच्छ अवतारांच्या कथांमधून ज्या वर्चस्वाचा उगम ते शोधत होते, ते वर्चस्व त्यांना कामाच्या जागी हजेरीच्या वहीत रोज भेटत होते.

या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या जनतेला उद्देशून आहे. गुलामांना मुक्त करण्यासाठी तिथल्या लोकांनी जो त्याग केला त्याबद्दलचा आदर जोतीरावांनी तीत व्यक्त केला. ज्या युद्धाने मुंबईत कापसाचा पैसा आणला आणि बांधकामांना चालना दिली, त्याच युद्धाच्या शेवटी अमेरिकेतली गुलामगिरी संपली. मुंबईच्या शेअरबाजारातल्या बहुतेकांना त्या युद्धात फक्त भाव दिसला. पुण्यातल्या या कंत्राटदाराला त्यात मुक्त झालेली माणसे दिसली. त्यांच्या मनाचा कल याहून स्पष्ट दाखवणारी गोष्ट सापडणे कठीण.

व्यवसायाने त्यांना पैसा दिला आणि माणसेही दिली. सत्यशोधक समाजाच्या मुंबईतल्या आधारस्तंभांत तेलुगू भाषक कंत्राटदार होते : रामय्या व्यंकय्या अय्यावारू, नरसिंगराव सायबू वडनाला, व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू. मुंबईची बांधकामे या कामाठी समाजाच्या श्रमांवर उभी राहिली आणि त्यांच्यातून वर आलेल्या कंत्राटदारांनी समाजाला छापखान्यासाठी आणि इतर कामांसाठी पैसा पुरवला. सत्यशोधक समाजाचा इतिहास विचारांचा इतिहास म्हणून पुष्कळ सांगितला जातो. त्या विचारांचा कागद, शाई आणि खिळे कोणाच्या कमाईतून आले, हेही सांगायला हवे. मराठी आणि तेलुगू बोलणारे कष्टकरी एका चळवळीत आले ते आधी एका धंद्यात आले म्हणून.

शेतकरी ही ओळखही केवळ जातीच्या व्यवसायाची नव्हती. पुण्याजवळ मांजरीला त्यांनी शेती केली. त्या भागात खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी येई. म्हणजे ज्या धरणाच्या कामात त्यांनी भाग घेतला होता, त्याच्याच पाण्याचे ते गिऱ्हाईक झाले. धरण बांधणे आणि पाणी वेळेवर शेतात पोचणे या दोन गोष्टींमधले अंतर त्यांनी दोन्ही टोकांकडून मोजले. 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 मध्ये पूर्ण झालेल्या पुस्तकात पाटबंधारे खात्यावर जी टीका आहे ती या अनुभवातून येते. पाणीपट्टी वसूल करणारे खाते पिकाला पाणी केव्हा आणि किती लागते याची जबाबदारी घेत नाही, ही त्यांची तक्रार होती. गंगापूर किंवा दारणा धरणाच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला ती नवीन वाटणार नाही.

आता नगरपालिकेकडे यावे. कारण हा भाग सर्वांत कमी सांगितला गेला आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे.

1876 ते 1882 ही त्यांची सदस्यत्वाची वर्षे. ती सुरू झाली तीच दुष्काळात. 1876-77 च्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केले, माणसे गावे सोडून शहरांकडे निघाली. सत्यशोधक समाजाने धनकवडीच्या छावणीत दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली आणि जोतीरावांनी मे 1877 मध्ये मदतीचे आवाहन काढले. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, 1875 मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. शहराच्या वेशीबाहेर हे चालले असताना शहराच्या सभागृहात कशावर खर्च होतो, याकडे हा सदस्य पाहत होता.

1880 मध्ये त्यांनी नगरपालिकेचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. पुण्यात दारूची दुकाने वाढत होती. सरकारला त्यांतून उत्पन्न मिळत होते. जोतीरावांचा मुद्दा साधा होता : नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते, मग आरोग्य बिघडवणारी आणि घरे धुळीला मिळवणारी दुकाने शहरात वाढू देणे हा तिच्या उद्देशाचाच पराभव आहे. सरकारच्या तिजोरीला धक्का देणारा हा मुद्दा सरकारने नेमलेल्या सदस्याने मांडला होता.

सदस्यत्वाच्या याच वर्षांत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी नगरपालिकेने 1000 रुपये खर्चावेत असा ठराव आला. सभेत 32 सदस्य होते. जोतीरावांनी विरोध केला. लोकांच्या करातला पैसा गरिबांच्या शिक्षणासारख्या कामावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठरावाच्या विरोधात एकच मत पडले, ते त्यांचे.

या एका मताकडे थोडे थांबून पाहावे. जोतीरावांवर एक आक्षेप त्यांच्या हयातीत घेतला गेला आणि आजही घेतला जातो : ते इंग्रज सरकारचे पक्षपाती होते. इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शिक्षणाचे दार उघडले असे त्यांना वाटे आणि ते त्यांनी लपवले नाही. ब्रिटिश राज्याच्या आर्थिक पिळवणुकीचे पूर्ण चित्र दादाभाई नौरोजींनी ज्या रीतीने मांडले, त्या रीतीने जोतीरावांनी मांडले नाही, हेही मान्य करावे. पण सरकारी कंत्राटे घेणारा आणि सरकारी नेमणुकीने सभागृहात बसलेला माणूस राणीच्या प्रतिनिधीच्या स्वागतखर्चाला उघड विरोध करतो, तेव्हा पक्षपाताचा आक्षेप कोलमडतो. ज्याची बिले सरकारी कचेरीत अडू शकतात त्याने असे मत देण्याची किंमत काय असते, हे कुठल्याही कंत्राटदाराला विचारावे. उरलेल्या सदस्यांपैकी कुणालाही ती किंमत द्यावीशी वाटली नाही.

पुढचा वाद मंडईचा. शहरासाठी मोठी बंदिस्त मंडई बांधावी असा प्रस्ताव 1882 च्या सुमारास पुढे आला. खर्च लाखांत जाणार होता. भाज्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. त्यांच्या बाजूने हरी रावजी चिपळूणकर होते. शहरातली मुले शाळेशिवाय असताना एवढा पैसा इमारतीवर घालवू नये, हे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव मंजूर झाला, 1886 मध्ये मंडई उघडली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव दिले गेले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिचे नाव महात्मा फुले मंडई झाले. नाव देणाऱ्यांची भावना थोर होती. पण त्या दगडी इमारतीकडे पाहताना तिच्या नावाच्या माणसाचा युक्तिवादही कुणीतरी तिथे लिहून ठेवायला हवा.

मंडईविषयीचा त्यांचा विचार 'असूडा'तही दिसतो. खेड्यातला शेतकरी गाडीभर भाजी घेऊन शहरात येतो. नाक्यावर नगरपालिकेची जकात, बाजारात जागेचे पैसे, वर दलालाचा वाटा. सगळे देऊन झाल्यावर कधी कधी गाडीभाडेही खिशातून भरायची पाळी येते. हे चित्र काढणारा लेखक त्याच नगरपालिकेचा सदस्य राहिलेला होता, जकातीच्या उत्पन्नाचे आकडे त्याच्यासमोर आलेले होते आणि त्या उत्पन्नातून शहरासाठी काय होते हेही त्याने पाहिले होते. खेड्याच्या कष्टातून शहराच्या सोयी उभ्या राहतात आणि खेड्याकडे परत काही जात नाही, ही त्यांची तक्रार अंदाजावर आधारलेली नव्हती. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर रांगेत लावून लिलावाची वाट पाहणारा शेतकरी, किंवा टोमॅटोचा भाव पडल्यावर पिंपळगावच्या रस्त्यावर माल ओतून परत फिरणारा शेतकरी 'असूडा'तले हे वर्णन आज वाचेल तर त्याला आपलाच हिशेब त्यात दिसेल.

हंटर आयोगापुढचे निवेदनही नगरपालिकेच्या माणसाने लिहिलेले आहे. त्यात तक्रार थोडी आणि तरतुदी पुष्कळ. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत. पगार 12 रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये असावा. मुलांना मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, थोडा इतिहास-भूगोल यावा, आणि शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान मिळावे. लोकल फंडातला निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला द्यावा. वरच्या वर्गांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा त्या काळच्या सरकारी धोरणाचा आधार होता. जोतीरावांनी तो खोडून काढला. सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो, हा त्यांचा जमाखर्च होता. मे 1882 मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि नगरपालिकांत निवडणुका येण्याचा मार्ग मोकळा झाला, त्याच वर्षातले हे निवेदन आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात मांडले ते 1911 मध्ये, आणि तेही फेटाळले गेले. जोतीरावांची मागणी त्याच्या 29 वर्षे आधीची आहे.

नाशिक जिल्ह्याचा या कथेशी एक थेट धागा आहे, तो न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यामुळे. त्यांचा जन्म 1842 मध्ये निफाडला झाला आणि 1878 मध्ये सरकारने त्यांची बदली पुण्याहून नाशिकला केली. रानडे आणि जोतीराव परस्परांना ओळखत. 1875 मध्ये दयानंद सरस्वतींची मिरवणूक पुण्यात निघाली तेव्हा रानड्यांना जोतीरावांचे साहाय्य झाले होते. पण शेतीच्या प्रश्नावर दोघांचे पटले नाही. तीस वर्षांपूर्वीच्या मानाने शेतकऱ्यांची स्थिती सुधारली आहे, असे मत रानड्यांनी मांडल्यावर जोतीरावांनी 1885 मध्ये 'इशारा' हे छोटे पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. रानडे हे भारतीय अर्थविचाराचे मोठे नाव, हे निर्विवाद. तरीही या वादात जोतीरावांची बाजू मला अधिक भक्कम वाटते. रानड्यांकडे सरकारी अहवाल आणि विलक्षण व्यासंग होता. जोतीरावांकडे मजुरांची टोळी, मांजरीचे शेत आणि जकात नाका होता.

1888 च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी समारंभ केला. दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि बोलले. या दरबारी मंडळींवरून हिंदुस्थानची कल्पना करू नका, खरा देश खेड्यात आहे आणि तो उपाशी व निरक्षर आहे, असे त्यांनी राणीच्या मुलाला ऐकवले. हा प्रसंग नाट्यमय म्हणून नेहमी सांगितला जातो. काही वर्षांपूर्वी लिटनच्या स्वागतखर्चाला विरोध करणाऱ्या सदस्याचेच ते पुढचे पाऊल होते, हे मात्र कुणी जोडून सांगत नाही.

त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते 1891 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. व्यवसायातून मिळालेला पैसा तोपर्यंत उरला नव्हता. शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज, पुस्तकांची छपाई आणि घरी येणारी-जाणारी माणसे यांवर तो गेला होता. 1890 मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या दांपत्याला मदत करावी अशी विनंती केली. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलगा यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचा मृत्यू झाला.

कंत्राटदारांच्या आयुष्याचा शेवट सहसा असा होत नाही. नगरपालिकेत बसलेल्या कंत्राटदारांचा तर नाहीच.

नाशिकमध्ये नगरपालिका 1864 पासून आहे आणि 1982 पासून महानगरपालिका. सत्यशोधक विचारातून प्रेरणा घेतलेल्यांनी इथे 1914 मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था उभी केली आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे व शाळा काढल्या. 1930 मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तो याच शहरात, आणि त्याचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1946 मध्ये शूद्रांच्या उत्पत्तीवरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. फुल्यांच्या विचारांचा वारसा सांगणारे हे शहर आहे. आपल्या पालिकेचे अंदाजपत्रक मात्र त्यातले फार थोडे लोक उघडून पाहतात.

हे चरित्र वाचायला घेण्यापूर्वी वाचकाने एक करावे. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' सार्वजनिक वाचनालयात सहसा मिळते. त्यातले 'शेतकऱ्याचा असूड' घ्यावे आणि त्याचे पाचवे प्रकरण आधी वाचावे. शेतात पावसाचे पाणी मुरावे म्हणून बंधारे घालण्यासाठी लष्कर आणि पोलिसांतले रिकामे मनुष्यबळ वापरावे, तळी-तलावांतला गाळ काढून द्यावा, जमिनीतले पाण्याचे झरे दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावे, शेतीची प्रदर्शने भरवावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना सुतार-लोहाराचे काम शिकवावे, अशा सूचना तिथे एकामागून एक येतात. त्या वाचून झाल्या की आपल्या तालुक्यातल्या एखाद्या बंधाऱ्यावर जावे, त्यातला गाळ पाहावा, आणि मगच पुढचे पान उलटावे.